पत्रा काढू नका

जुन्या वाड्यांविषयी मराठी मनाला सध्या मोठा उमाळा आलेला आहे. मंडळाची दिनदर्शिका उघडावी, वार्षिक स्मरणिका चाळावी, गणेशोत्सवातील चित्रप्रदर्शनात डोकवावे. सर्वत्र एकच वाडा भेटतो. तोच दिंडीदरवाजा, चौकात तेच तुळशीवृंदावन, ओसरीवर तोच रिकामा झोपाळा आणि वर तेच निरभ्र आकाश. या वाड्याला विजेची तार नाही, पाण्याची टाकी नाही, दोरीवर वाळत घातलेले धोतर नाही. तेथे कोणी राहत असल्याची एकही खूण नाही. खाली मात्र ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते : ‘आमचा मूळ वाडा’. या ‘मूळ’ शब्दाशी आमचे भांडण आहे. मूळ वाडा नावाची वस्तू कोठेही नाही, ती कधीही नव्हती, आणि तिच्या शोधापायी आपण उभे असलेले वाडे गमावीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्ही ग्रंथांतून उचललेले नाही. पेन्सिल हाती धरून बसल्याने ते आमच्या पदरी पडले आहे. इंदूर आणि बडोदे या ज्या दोन शहरांत आमच्या नोकरीची वर्षे गेली, त्यांना चित्रकार अपरिचित नाहीत. ना. श्री. बेंद्रे इंदुरास देवळालीकरांच्या हाताखाली शिकले आणि १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी चित्रकला शिकविली. आमच्यासारख्या रविवारच्या हौशी मंडळींनी त्यांचे नाव घ्यावे ते केवळ आदरापोटी. पण रेघ ओढणारा थोर असो वा कारकून, एक गोष्ट कोणासही चुकत नाही : रेघ कोठे संपवावयाची हे त्याला स्वतः ठरवावे लागते. छायाचित्र घेणाऱ्यास हा प्रश्न पडत नाही. यंत्र एका क्षणात सगळा दर्शनी भाग गिळते आणि यंत्राचा मालक पुढच्या दाराकडे वळतो. रेखाटणाऱ्याला मात्र छपराची कड भिंतीला जेथे टेकते तेथे थांबावे लागते, आणि थांबले की प्रश्न उभा राहतो : ही रेघ इथे मोडली का? ही खिडकी शेजारणीपेक्षा चार बोटे खाली का? डोळ्याने जे एकसंध मानले होते ते हाताला एकसंध लागत नाही.

उदाहरण देतो. बडोद्याच्या चार दरवाजांच्या आत, मांडवीपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एक वाडा आहे. मालकांच्या नावाशी वाचकांना कर्तव्य नाही. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन वर्षी आम्ही तो समोरच्या एकाच ओट्यावर बसून रेखाटला. प्रथमदर्शनी तो आम्हांलाही एकजिनसी वाटला होता. तासाभराने खांब मोजले. पाच खांब, पैकी डावीकडील तिहींखाली दगडी तळखडे, उजवीकडील दोहोंखाली ते नाहीत, आणि त्यांच्यामधले अंतरही वीतभर अधिक. म्हणजे दोन खण आधीचे आणि दोन मागाहून जोडलेले. वरच्या मजल्यावर नेमक्या त्याच रेषेत भिंतीला उभा सांधा आहे. गिलावा पडला आहे तेथे डावीकडच्या विटा पातळ आणि चपट्या, उजवीकडच्या जाड. छप्पर मंगळुरी कौलांचे. ही कौले मंगळुरास बाझेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून होऊ लागली. तेव्हा आजचे छप्पर त्याआधीचे असणे शक्यच नाही, आणि भिंती त्याहून जुन्या असतील तर त्यांनी आधी दुसऱ्या कोणत्या तरी छपराचा भार वाहिला असला पाहिजे. सज्जाखाली एका लाकडी तुळईच्या जागी लोखंडी तुळई आलेली. जोत्याची डागडुजी सिमेंटची. पोरबंदरला सिमेंटचा कारखाना निघाला तो १९१४ साली. हा थर बहुधा त्यानंतरचा. विजेच्या जुन्या तारा लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावरून नव्या तारा प्लॅस्टिकच्या नळ्यांतून. एवढ्याशा दर्शनी भागावर निदान पाच-सहा पिढ्यांचे हात फिरलेले दिसतात. यांपैकी कोणत्या हाताला ‘मूळ’ म्हणावयाचे?

आमच्या तीन चित्रांतही वाडा एक नाही. २०१४ च्या चित्रात डाव्या अंगाची खोली बैठकीची आहे. २०१९ मध्ये तिची खिडकी फोडून तेथे मोबाइलच्या दुकानाचे लोखंडी दार बसले. २०२४ मध्ये वरच्या मजल्याच्या निम्म्या खिडक्या बंद, कारण भावाभावांत वाटणी होऊन धाकटी पाती गावाबाहेरच्या सदनिकेत राहावयास गेली. वाडा आमच्या डोळ्यांदेखत बदलत होता, पण वही उघडून तिन्ही पाने शेजारी ठेवीपर्यंत ते आमच्या लक्षात आले नव्हते. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही; नोंद ठेवणाऱ्याला दिसतो. रेखाटनाचा खरा उपयोग आम्ही हाच समजतो.

दुसऱ्या खेपेची एक हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. घरातील आजी बाहेर आल्या, वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “बाकी सगळं छान आहे हो, पण तेवढा पत्रा काढू नका. बरं दिसत नाही ते.” उजव्या कोपऱ्यात कौले उतरवून त्या जागी पन्हळी पत्रा घातलेला होता, त्याविषयी त्या बोलत होत्या. पत्रा केव्हा बसविला असे विचारता म्हणाल्या, “थोरली बाळंतपणाला आली होती त्या पावसाळ्यात. बाळंतिणीच्या खोलीत धार लागली. यांनी माणसं बोलावून रातोरात पत्रा ठोकून घेतला. म्हणाले, दिवाळीनंतर कौलं घालू. ते बाळ आता अहमदाबादेस नोकरीला आहे.” आम्ही पत्रा चित्रात घेतला. आजींना ते आवडले नाही. चहा मात्र त्यांनी दिला.

आपल्या भाषेत ‘काढणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत : चितारणे आणि उखडणे. पत्रा काढू नका असे आजी पहिल्या अर्थाने म्हणत होत्या, आणि आपले बहुतेक हौशी चित्रकार ती आज्ञा न सांगताच पाळतात. आमचे म्हणणे दुसऱ्या अर्थाने आहे. आणि हे दोन अर्थ एकमेकांना फार जवळचे आहेत. जो पत्रा चित्रात काढला गेला नाही, तो घरावरून काढताना कोणाचाही हात अडखळत नाही. वाड्याचे देखणे चित्र आधी तयार होते, मग त्या चित्राबरहुकूम वाडा तयार करण्याची हौस येते. ज्या पत्र्याखाली एक बाळंतीण कोरडी निजली तो ‘मागाहून आलेला उपरा’ ठरतो, आणि ज्या खिडकीचा काहीही पुरावा नाही ती ‘मूळची’ म्हणून नव्याने बसते.

आपल्या पूर्वजांना ही दृष्टी नव्हती, हे सांगावयास बडोद्यातच एक साक्षीदार उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवरील रंगचित्रांची ख्याती मोठी. त्या भिंतींवर पुराणकथांच्या जोडीला इंग्रज-मराठे युद्धही आहे. कृष्णलीला रंगविणाऱ्या संप्रदायाने आपल्या काळाची धूळ भिंतीबाहेर ठेवली नाही. आज तीच चित्रे पाहून भारावलेला आमचा चित्रकार बाहेर येतो आणि वाड्याचे चित्र काढताना विजेचा खांब वगळतो! त्याने त्या भिंतीपासून काय घेतले?

आता जीर्णोद्धाराकडे वळू. ‘मूळ’ म्हटले की आपली नजर पुण्याकडे जाते, म्हणून आधी पुण्याचेच उदाहरण घेऊ. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविला. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. पुढे तेथे शाळा भरली, नगरपालिकेचा कारभार चालला, टपाल कचेरी बसली. पेशव्याच्या वाट्याला त्या वाड्याची जेमतेम दहा-बारा वर्षे आली. शास्त्री, विद्यार्थी, कारकून आणि टपालवाले यांच्या वाट्याला मिळून दीडशेहून अधिक. या वाड्याचे खरे रूप बाजीरावाच्या काळचे, हे कोणी आणि कोणत्या न्यायाने ठरविले? आणि वाडा टिकला तो कोणामुळे? ज्याला उपयोग उरतो ते घर उभे राहते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

इंदूरचा राजवाडा पाहा. त्याचा आरंभ १७४७ चा सांगतात. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत इंदूर लुटले गेले, तेव्हा राजवाडाही जाळला गेला. त्यानंतर जे उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाचे काम. १९८४ च्या दंगलीत त्याचा मागचा भाग भस्मसात झाला, आणि तो या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा उभारण्यात आला. जळालेले घर पुन्हा बांधू नये असे कोण म्हणेल? बांधणाऱ्यांनी लाकूड-चुना वापरला, याचे आम्ही कौतुकच करतो. आमचा आक्षेप आहे तो प्रवाशांपुढे गाइलेल्या गाण्याला : म्हणे, १७४७ चा वाडा जसाच्या तसा! जे १८०१ मध्ये एकदा जळाले त्याची ‘जशीच्या तशी’ प्रत १९८४ च्या राखेतून कशी निघावी? मधल्या पावणेदोनशे वर्षांना आपण एका वाक्यात पुसून टाकतो, आणि त्यातच त्या दोन्ही आगीही पुसल्या जातात. १८०१ ची आग मराठ्यांनी मराठ्यांना लावलेली होती आणि १९८४ ची आग शेजाऱ्यांच्या विरुद्ध उठलेल्या दंगलीची होती, हे विसरावयाचे असेल तर ‘जसाच्या तसा’ यासारखा सोयीचा मंत्र नाही.

आणि ज्यांना एवढ्यानेही पटत नसेल त्यांनी दक्षिणेस तंजावरास जावे. तेथील राजवाडा नायक राजांनी बांधला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तेथे आले ते वाडा पाडून नवा बांधीत बसले नाहीत; त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी त्याच वाड्यात भर घातली. ज्या सरस्वती महाल ग्रंथालयाला दुसऱ्या सरफोजीराजांनी वैभव आणले, ते त्याच वास्तूत आहे. आता उद्या कोणी तंजावरचा वाडा ‘मूळ स्वरूपात’ नेऊ म्हणाला, तर पहिली पहार कोणावर पडेल? आपल्यावर! मूळच्या घरात मागाहून आलेले ते आपण. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने ‘मूळ स्वरूपा’चा जयघोष करावा, याहून आत्मघातकी विनोद आम्हांला ठाऊक नाही.

वास्तुरक्षणाच्या शास्त्राने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. १९६४ मध्ये व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जी सनद केली तिचा आशय असा, की वास्तूत भर घालणाऱ्या सर्व काळांच्या कामाचा मान राखावा, आणि जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा. आपल्याकडील १९५८ चा केंद्रीय कायदाही ‘प्राचीन’ म्हणावयास शंभर वर्षांचे अस्तित्व पुरेसे मानतो. म्हणजे १९२० च्या आसपास कोणी लोखंडी कठडा किंवा रंगीत काचांची खिडकी बसविली असेल, तर तीही आता त्या वयाची झाली. काल ज्याला आपण उपरे म्हणत होतो ते आज पूर्वजांच्या पंक्तीला येऊन बसले आहे.

येथे एक रास्त आक्षेप येईल : मग काय सगळेच बदल पवित्र? चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासावे, कोरीव खांब विकून खानावळीच्या शोभेला द्यावेत, आणि वाडा पाडून त्या जागी सात मजले उभारले तरी त्यास ‘काळाचा हात’ म्हणावे? मुळीच नाही. भेद करता आला पाहिजे, आणि तो करण्याची कसोटी आम्हांला आमच्या कचेरीतच सापडली. सरकारी फाइलीत लिहिताना दुरुस्ती करावयाची झाल्यास जुना शब्द खरवडून काढावयाचा नसतो. तो वाचता येईल अशा बेताने त्यावर एक रेघ ओढावी, नवा शब्द लिहावा आणि शेजारी सही करावी, अशी शिस्त आहे. मागचे टिपण फाडून टाकणे हा तर सरळ गुन्हा. घरासही हाच नियम लावावा. जो बदल आधीचे लिखाण वाचता येईल असे ठेवतो तो वैध. जो ते खरवडतो तो अवैध. पत्रा उचलला तर खाली वासे जागच्या जागी आहेत. उद्या पुन्हा कौले घालता येतील. लोखंडी तुळई आली म्हणून शेजारची लाकडी तुळई मुकी झाली नाही. सिमेंटचा गिलावा मात्र खरवडणारा आहे. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंट तिचे तोंड बांधते. मग ओल आतल्या आत राहते, क्षार साचतात, विटा भुसभुशीत होतात, आणि दहा-वीस पावसाळ्यांत भिंतच राहत नाही. या कसोटीने पाहिले तर गरजेपोटी ठोकलेला गरिबाचा पत्रा निर्दोष ठरतो, आणि ‘मूळ रूप’ देण्यासाठी भिंतीवर चढविलेला नवा साज दोषी ठरतो. पुष्कळांना हा निवाडा उलटा वाटेल. आम्हांला तो सरळ वाटतो.

दुसरा आक्षेप कलावंतांचा. चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. काय घ्यावे आणि काय टाकावे हा चित्रकाराचा अधिकार आहे. अधिकार मान्य. पण त्याची जबाबदारीही मान्य करावी. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये जळाला. आतला दरबार कसा होता हे पाहावयाचे तर आपल्या हाती आहे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केलेले चित्र : १७९० च्या तहाच्या वेळी मॅलेट पेशव्यांच्या दरबारात आहे असा प्रसंग. डॅनियल त्या प्रसंगास हजर नव्हता. जेम्स वेल्सने पुण्यात राहून जमविलेल्या रेखाटनांवर त्याची भिस्त होती. म्हणजे भव्य तैलचित्राचा पाया कसला, तर जागेवर बसून निमूटपणे ओढलेल्या रेघांचा. त्याच काळात पुण्याचा गंगाराम तांबट मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटीत होता. पुढे काय जळणार आणि काय उरणार हे या माणसांना ठाऊक नव्हते, आपल्यालाही नाही. आज आपण कंटाळून वगळलेला जिना उद्या कोणास जगात दुसरीकडे कोठेही सापडणार नाही, एवढे भान ठेवून ज्याला वगळावयाचे त्याने वगळावे.

हा वाद केवळ दगडविटांचा असता तर आम्ही तो मराठी वाङ्मयाच्या मासिकात आणला नसता. पण वाड्याविषयीचा हा हट्ट आपण आपल्या भाषेविषयीही धरीत आहो. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द शिरले, इंदूरचा मनुष्य ‘मी येऊन राहिलो आहे’ म्हणतो, तंजावरची मराठी तर पुण्याच्या मनुष्यास अर्धीमुर्धीच कळते; यावर आपल्याच मंडळांच्या व्यासपीठांवरून हळहळ व्यक्त होते, आणि मुलांना ‘मूळ, शुद्ध’ मराठीचे धडे देण्याची योजना निघते. मुले ते धडे ऐकतात, आपण घरी बोलतो ते अशुद्ध आहे असे समजतात, आणि सरळ हिंदी-इंग्रजीत बोलू लागतात. वाड्याचे झाले तेच भाषेचे होते. ‘मूळ’ मिळत नाही आणि राहते घर रिकामे पडते. आमच्या मते हे शब्द भाषेचे पत्रे आहेत. कोणत्या तरी पावसाळ्यात, कोणाच्या तरी डोक्यावर छप्पर हवे होते म्हणून ते आले. त्यांच्याखाली पिढ्या वाढल्या आहेत. त्यांना लाजणे म्हणजे त्या पिढ्यांना लाजणे होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे, आणि ती बृहन्महाराष्ट्रातील सर्व मंडळांकडे आहे. ‘जुने वाडे’ या विषयावर आपण चित्रस्पर्धा घेता, त्या अवश्य घ्याव्या. पण नियम एवढाच करावा, की चित्र जागेवर बसून काढलेले असावे, त्याखाली दिनांक असावा, आणि डोळ्यांसमोर जे आहे ते सर्व त्यात असावे : तार, टाकी, दुकानाची पाटी, पत्रा. पाच वर्षांनी त्याच जागी बसून तेच घर पुन्हा काढावे आणि दोन्ही चित्रे मंडळाच्या कपाटात शेजारी ठेवावी. यास अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही; एक वही, एक पेन्सिल आणि समोरच्या घरमालकाची परवानगी पुरते. वीस वर्षांत चार चित्रे होतील. तेवढ्या काळात वाडा कदाचित पडेल. पडला तर तो कसा जगला हे त्या चार पानांवर राहील. आणि उभा राहिला, तर त्याची दुरुस्ती करावयास येणाऱ्याच्या हाती आपल्या कल्पनेऐवजी त्याचा पुरावा असेल.